तुणतुणे, पेटी आणि खिशातला तानपुरा : साथीच्या वाद्यांची आणि त्यांच्या कारागिरांची दीडशे वर्षे

महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास आपण बहुधा गळ्यांचा इतिहास म्हणून लिहिला आहे. घराणी, गुरुपरंपरा, नाटक मंडळ्या, मैफली, ध्वनिमुद्रिका यांविषयी मराठीत विपुल लेखन झाले. त्या गळ्यांना ज्यांनी आधारस्वर पुरवला ती वाद्ये कोणी घडवली, कोणत्या भावाने विकली, बिघडल्यावर कोणी दुरुस्त केली, याविषयी मात्र त्या मानाने फार थोडे लिहिले गेले. वाद्यकार आपल्या संगीतविचारात तळटीपेचा धनी ठरला आहे.

हा प्रश्न आज एका अनपेक्षित दिशेने पुन्हा समोर आला आहे. खिशातल्या मोबाईलमध्ये तानपुरा, तबला, लेहरा, पेटी, फार काय ध्वनिमुद्रणाची अख्खी खोली ॲपच्या रूपाने येऊन बसली आहे. ही ॲप घडवणारा पुष्कळदा एकटादुकटा कारागीर असतो. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते, आणि त्याचे पोट कशावर चालते हा विचार आपल्या मनाला शिवत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या कारागिराला जुन्या वाद्यकारांच्या रांगेत उभे करून पाहणार आहोत. त्यासाठी दृष्टिबिंदू म्हणून पुणे किंवा मुंबई न घेता भंडारा जिल्ह्यातील साकोली घेतले आहे. शहरात मोबाईलवरचा तानपुरा ही अनेक सोयींपैकी एक सोय असते. जवळपास ना तानपुरा विकत मिळत, ना जवारी काढून देणारा कोणी भेटत, अशा गावी तो बऱ्याचदा एकमेव तानपुरा असतो. म्हणून या प्रश्नाचे खरे वजन तेथे अधिक स्पष्ट दिसते.

१. झाडीपट्टीतला आधारस्वर

साकोली मुंबई-कोलकाता महामार्गावरचे तालुक्याचे ठिकाण आहे. एका अंगाला नागझिऱ्याचे अरण्य, सभोवती धानाची शेती आणि तलाव. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून जो मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो, त्यात ते मोडते. दिवाळी सरली, धान घरात आले, की गावोगावी मंडई भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा (देसाईगंज) हे नाटक कंपन्यांचे केंद्र. गावातले मंडळ कंपनी ठरवते, मांडव घालते, तिकिटे विकते आणि प्रयोग रात्रभर चालतो. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील अनेकांना झाडीपट्टीचे नाव प्रथमच कळले असावे.

नाटकाच्या आधीपासूनची परंपरा दंडारीची आणि खडी गंमतीची. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून ती अभ्यासविषयाच्या पातळीवर आणली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रभावामुळे विदर्भात खंजिरीची भजने गावोगाव रुजली. या साऱ्यात आधारस्वराचे काम तुणतुण्यासारख्या साध्या वाद्याने केले. लाकडी नळकांडे, कातडे, एक तार आणि एक खुंटी. ते गावात बनते, गावात बिघडते आणि गावातच दुरुस्त होते. बनवणारा, वाजवणारा आणि ऐकणारा एकाच वेशीच्या आत राहतात. पुढील सर्व इतिहास या वेशीबाहेर पडण्याचा आहे, असे म्हटले तरी चालेल.

२. पेटीचे देशीकरण

पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ साली 'हार्मोनियम' या नावाने एकस्व मिळवले. त्याचे वाद्य पायाने भाता मारण्याचे होते. खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी ते वाजवायचे. आपल्याकडे गाणारा आणि वाजवणारा बैठकीवर बसतो, आणि एका हाताने सुरावट वाजली की त्याचे काम भागते. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी हे नेमके ओळखले. १८७५ साली त्यांनी सुरू केलेल्या 'द्वारकिन' या पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचविशीत भाता मागे घेतला आणि पाय काढून टाकले. एका हाताने भाता व दुसऱ्याने पट्ट्या अशी पेटी तयार झाली, तीत षड्जाची अखंड साथ देणारे खुंटही आले. आज आपण ज्याला भारतीय वाद्य समजतो ते या एका दुकानदार-कारागिराच्या निरीक्षणातून सिद्ध झाले.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगमंचावर आले. त्यानंतरच्या काळात संगीत नाटकाने पेटीला आणि पायपेटीला, म्हणजे ऑर्गनला, मानाचे स्थान दिले. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. रंगभूमीमागे एक अदृश्य उद्योग उभा राहिला. गुजरातेतील पालिताण्याचे सूरपट्ट्या घासणारे कारागीर, शहरोशहरी पेट्या जुळवणारे, सूर लावून देणारे फिरते दुरुस्तीवाले हे सगळे त्यात आले. पेटी स्वस्त, टिकाऊ आणि शिकायला सोपी. म्हणून ती नाटक कंपनीबरोबर आणि भजनी मंडळाबरोबर झाडीपट्टीपर्यंत पोचली. तुणतुण्यापेक्षा तिची वेस मोठी होती, पण दुरुस्तीवाला अजून हाकेच्या अंतरावर होता.

३. बावीस श्रुती आणि बारा पट्ट्या

पेटीबरोबर एक सैद्धांतिक भांडणही आले, आणि ते आज मोबाईलपर्यंत टिकले आहे. पेटीचे सप्तक बारा समान भागांत कापलेले असते. संपूर्ण सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर समान विभागणीतला शुद्ध गांधार ४०० सेंटवर पडतो. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो, म्हणजे सुमारे ३८६ सेंटवर. हा चौदा सेंटांचा फरक कागदावर नगण्य वाटतो. भूप गाणाऱ्याच्या कानाला तो खुपतो. शिवाय पट्ट्यांवर मींड काढता येत नाही.

या भांडणातून मार्ग काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधारे श्रुतींची मोजदाद केली आणि १९१० साली बावीस श्रुतींवरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी ते काम पुढे नेले. सप्तकात बाराहून अधिक स्वर असलेली श्रुतिपेटी तयार झाली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर बराच वाद झाला. श्रुती अशा पट्टीवर खिळवून ठेवता येतात काय, हाच मूळ आक्षेप होता.

श्रुतिपेटी लोकांत रुजली नाही. आमच्या मते याचे कारण केवळ सैद्धांतिक नव्हते. साध्या पेटीमागे पालिताण्यापासून गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यापर्यंत एक साखळी होती, श्रुतिपेटीमागे मूठभर विद्वान होते. वाद्याची कल्पना कितीही शुद्ध असो, ते बनवणारा, विकणारा आणि सांभाळणारा वर्ग उभा राहिला नाही तर ते संग्रहालयाचे धन होते. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध करून हा धागा पुन्हा हाती घेतला, ही गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे.

दरम्यान आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून हार्मोनियमवर बंदी घातली. ती शिथिल व्हायला १९७१ साल उजाडले. या तीन दशकांत ना पेटीचे कारखाने बंद पडले, ना भजनी मंडळांनी पेटी माळ्यावर टाकली. प्रसारणाच्या मध्यवर्ती सत्तेने दार लावले तरी कारागीर आणि गिऱ्हाईक यांचा थेट व्यवहार चालू होता, म्हणून पेटी जगली. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

४. विजेवरचा तानपुरा

तानपुऱ्याची गोष्ट निराळी. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी तंतुवाद्यांकडे मोर्चा वळवला. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्या परंपरेच्या आरंभी घेतले जाते. पंढरपूरच्या परिसरातील भोपळे आणि मिरजेतील हात यांतून निघालेली वाद्ये देशभर गेली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु मिरज आणि साकोली ही महाराष्ट्राची दोन टोके. भोपळ्याचे वाद्य एसटीच्या टपावरून किंवा रेल्वेच्या डब्यातून तेवढा पल्ला गाठून धड पोचले, तरी पुढे जवारी काढायची कोणाकडून?

बंगळूरचे जी. राज नारायण व्यवसायाने अभियंता आणि छंदाने बासरीवादक. १९७९च्या सुमारास त्यांनी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी तयार केली. पुढे 'रॅडेल' या त्यांच्या कंपनीचे 'सारंग' हे तानपुऱ्याचे आणि 'तालमाला' हे तबल्याचे यंत्र देशभरातील संगीत शिक्षकांच्या घरी पोचले. आरंभीची यंत्रे विद्युतमंडलातून स्वर उत्पन्न करीत. पुढच्या पिढीतल्या यंत्रांत खऱ्या वाद्याचा आवाज स्मृतिचकतीत साठवलेला असे. जाणकारांनी नाके मुरडली. त्या आवाजात तारेचा जीव नाही हे खरेच होते. पण ज्या विद्यार्थ्याला दुसरा कोणताच तानपुरा मिळणार नव्हता, त्याला रोज पहाटे एक स्थिर षड्ज मिळू लागला.

घोष, देवल आणि राज नारायण या तिघांत एक साम्य आहे. तिघांनाही यंत्राइतकेच गाणे कळत होते. परदेशी तंत्र त्यांनी जसेच्या तसे उचलले नाही, आपल्या बैठकीच्या गरजेनुसार ते वाकवले. नेमक्या याच काळात झाडीपट्टीत आणि अन्यत्र बाजारातून आलेले कीबोर्ड (ज्याला कोणत्याही कंपनीचा असला तरी लोक 'कॅसिओ' म्हणतात) आणि ऑक्टोपॅड यांच्याबाबत असे झाले नाही. ते जपानहून बारा समान स्वरांची चौकट घेऊन आले आणि तशाच चौकटीत वाजत राहिले. पुढे भारतासाठी काढलेल्या कीबोर्डांत तबला-तानपुऱ्याचे आवाज आणि काही ठेके आले. त्यांतले 'भारतीय' काय हे मात्र कारखान्याने ठरवले.

५. खिशातले दुकान

ॲपलचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲपनिशी उघडले. त्याच वर्षी अँड्रॉइडचाही बाजार सुरू झाला. वाद्यकाराच्या दृष्टीने ही मोठीच घटना होती. आजवर वाद्य बनवायचे तर लाकूड, कातडे, धातू, कारखाना, वाहतूक आणि दुकानदार हवा. आता एका संगणकावर एकटा माणूस वाद्य बनवून त्याच दिवशी जगभर विकू शकत होता.

पहिल्याच वर्षी स्टॅनफर्डचे गे वांग यांच्या 'स्म्यूल' कंपनीने 'ओकारिना' नावाचे वाद्य आणले. मोबाईलच्या मायक्रोफोनवर फुंकर घालायची, पडद्यावरच्या चार छिद्रांवर बोटे ठेवायची, की सूर निघतो. बोलण्यासाठी दिलेल्या भोकाचा फुंकण्यासाठी उपयोग करणे हे घोषबाबूंच्या मागे वळवलेल्या भात्याच्या जातीचे कौशल्य होते. हिंदुस्थानी संगीतासाठी असेच काम प्रसाद उपासनी यांनी केले. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आणि स्वतः गाणाऱ्या या अभियंत्याचे 'आयतबला प्रो' हे ॲप तानपुरा आणि तबला दोन्हींची साथ देते. पट्टी आणि लय हवी तशी बदलता येते आणि तानपुऱ्याचा सूर सेंटांच्या हिशेबात सरकवता येतो. लेहऱ्यासाठी त्यांनी वेगळे ॲप केले. परदेशी राहणाऱ्या मराठी घरांतून आणि इथल्या वर्गांतून ते पसरले. ते विकत घ्यावे लागते, आणि गाणाऱ्यांनी ते विकत घेतले.

गे वांग आणि उपासनी यांची ही बाजू उजळ आहे. दुसऱ्या बाजूसाठी एकच उदाहरण पुरे. २०१२च्या डिसेंबरात मायकेल टायसन आणि सहकाऱ्याने 'ऑडिओबस' हे ॲप काढले. तोवर मोबाईलवरचे प्रत्येक वाद्य आपापल्या कोठडीत बंद होते, एकाचा आवाज दुसऱ्यात नेता येत नसे. ऑडिओबसने त्यांच्यात वाट काढली आणि एकेकट्या कारागिरांच्या वाद्यांचा मिळून वाद्यवृंद झाला. पुढच्याच वर्षी ॲपलने तशी सोय स्वतःच्या प्रणालीत दिली, २०१५ साली आणखी एक निराळी पद्धत आणली, आणि २०१९ साली त्यांपैकी पहिली मोडीत काढली. प्रत्येक वेळी छोट्या कारागिराला आपले वाद्य पुन्हा नव्याने जुळवावे लागले. दुकानाचा मालक, रस्त्याचा मालक आणि प्रतिस्पर्धी एकच असला की काय होते, ते यावरून समजावे.

६. साकोलीपर्यंत पोचताना

आयफोनवरचे हे वैभव साकोलीच्या बाजारपेठेत विकल्या जाणाऱ्या फोनांवर आले नाही. तिथला फोन अँड्रॉइडचा, आणि स्वस्तातला. त्यावर संगीत करण्यात एक भौतिक अडचण होती. पडद्यावर बोट आपटल्यापासून आवाज येईपर्यंत लागणारा वेळ, म्हणजे विलंब, अँड्रॉइडच्या आरंभीच्या फोनांत शंभर मिलिसेकंदांहून अधिक असे. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे शंभर मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे आपणच वाजवलेला तबला चौतीस मीटर दूरच्या माणसाने वाजवल्यासारखा ऐकणे! अशा वाद्यावर सम गाठणे कोणाला जमेल? गूगलने २०१२ पासून टप्प्याटप्प्याने सुधारणा केल्या. २०१७च्या अँड्रॉइड ८ मध्ये ध्वनीसाठी नवी यंत्रणा आली. तरीही स्वस्त फोनांत फरक राहिलाच. त्यामुळे अशा फोनावर वाजवायच्या वाद्यापेक्षा लावून ठेवायचे वाद्य, म्हणजे तानपुरा, ठेका, लेहरा, हेच खरे उपयोगी पडले.

२०१६च्या सप्टेंबरात जिओ आली आणि डेटा स्वस्त झाला. ॲप उतरवून घेणे परवडू लागले, ते विकत घेणे मात्र तितके सोपे झाले नाही. गूगलने भारतातील ॲपची किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली ती २०१५ साली. परंतु ते दहा रुपये देण्यासाठी तेव्हा चालणारे कार्ड लागे. यूपीआयची सुरुवात २०१६ची, ॲपच्या दुकानात ती रुळायला आणखी काही वर्षे गेली. २०२२ साली ॲपलने आपल्या दुकानात भारतीय डेबिट-क्रेडिट कार्डे घेणेच थांबवले, कारण आपोआप वळत्या होणाऱ्या रकमांविषयी रिझर्व्ह बँकेने घातलेले नियम. मधल्या काळात लोकांना एका गोष्टीची सवय झाली. ती गोष्ट म्हणजे 'फुकट' ॲप.

आता येथे झाडीपट्टीकडे पाहू. हा मुलूख कलेसाठी पैसे मोजत नाही, असे कोणी म्हणेल काय? धानाच्या भावावर वर्षाचा हिशेब बसवणारी माणसे थंडीत रात्रभर तिकीट काढून नाटक पाहतात. कंपनीतले नट, वादक, तंबूवाले, नेपथ्यवाले यांची घरे त्या तिकिटांवर चालतात. २०२० साली टाळेबंदीनंतरचा हंगाम बुडाला, तेव्हा त्या घरांची जी आबाळ झाली तिनेच हा व्यवहार किती खरा आहे हे दाखवून दिले. तेव्हा ॲपचे शंभर रुपये दिले जात नाहीत याचे कारण कंजूषपणा नव्हे. तिकिटाचे पैसे कोणाच्या हाती पडतात हे गावाला दिसते, ॲपच्या पैशांचा धनी कोण हे दिसत नाही. फुकट ॲपमध्ये तानपुऱ्याच्या मध्येच जाहिरात वाजते, तेव्हा तो धनी कोणी जाहिरातदार आहे एवढे मात्र कळते.

आणि जाहिरातदाराच्या जिवावर चालणारे वाद्य कोणाच्या कानासाठी बनेल? जास्तीत जास्त लोकांच्या. फुकट कीबोर्डांत बारा समान स्वर असतात, तयार ठेक्यांत केरवा, दादरा, भांगडा असतात. दंडारीचा ठेका, खंजिरी-भजनाची लय तेथे सापडणे दुरापास्त. १९४० साली पेटीला रेडिओचे दार बंद झाले ते एका हुकुमाने. दंडारीला मोबाईलचे दार कोणीच बंद केलेले नाही. ते तिच्यासाठी काढण्याचेच कोणाच्या मनात आलेले नाही.

७. गाळ कोण काढणार?

लाकडी पेटी आणि ॲप यांत एक मूलभूत भेद आहे, आणि तोच आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आजोबांची पेटी भाता बदलून, सूर घासून नातू वाजवू शकतो. ॲप मात्र हात न लावता तसेच ठेवले तर मरते. २०१७ साली ॲपलच्या अकराव्या प्रणालीने ३२ बिटांची सारी ॲप चालवणे बंद केले आणि ज्यांचे कर्ते थकले होते किंवा पांगले होते, अशी कितीतरी संगीताची ॲप एका रात्रीत मुकी झाली. गूगलच्या दुकानातही जुन्या प्रणालीसाठी लिहिलेली ॲप नव्या फोनांना दिसेनाशी करण्याचे धोरण आले. ॲप विकत घेणे म्हणजे वस्तू विकत घेणे नव्हे. कोणीतरी दर वर्षी बसून ते नव्या फोनाशी जुळवत राहील, याची ती वर्गणी आहे.

ही गोष्ट भंडारा-गोंदियाच्या माणसाला समजावून सांगावी लागू नये. हा तलावांचा मुलूख आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर येथली धानाची शेती उभी राहिली. तलाव बांधणे हे एका पिढीचे काम, पण गाळ काढणे, पाळ बुजवणे, पाटाची वाट मोकळी ठेवणे हे दर वर्षीचे काम. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. ते न्याय्यच होते. परंतु दर वर्षीचे काम नेमके कोणाचे, हे धूसर झाले आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले. तलाव कोणी फोडला नाही. तो सांभाळण्याची जबाबदारी कोणाच्याच अंगावर उरली नाही एवढेच. संगीताच्या ॲपचे मरण असेच असते.

यात दुकानदाराचा वाटाही पाहिला पाहिजे. ॲपल आणि गूगल या दोघांनी किमतीतला ३० टक्के वाटा स्वतःकडे ठेवला. म्हणजे कर वगळता शंभर रुपयांतले सत्तर कारागिराचे. २०२१ पासून लहान कारागिरांसाठी हा वाटा १५ टक्क्यांवर आला, तोही जगभर ओरड झाल्यावर. भारताच्या स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या देयकपद्धतीबाबत २०२२च्या ऑक्टोबरात गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपील न्यायाधिकरणाने २०२५ साली तो २१६.६९ कोटींवर आणला. ही लढाई मोठ्यांची आहे. तिचा निकाल काहीही लागो, तानपुऱ्याचे ॲप बनवणाऱ्या माणसाला अखेर गाणाऱ्यांच्याच आधारावर उभे राहावे लागेल.

८. समारोप

मोबाईलमुळे खरे संगीत बुडेल, हा सूर आम्हांला मान्य नाही. तो पेटीबद्दल लागला होता, विजेच्या तानपुऱ्याबद्दलही लागला होता. उलट मोबाईल हे पहिले असे यंत्र आहे की ज्यात देवलांचे स्वप्न जवळजवळ फुकटात साध्य आहे. गांधार ३८६ सेंटवर ठेवायला आता इंग्लंडहून पेटी मागवावी लागत नाही, आज्ञावलीतला एक आकडा बदलावा लागतो. पण तो आकडा बदलावा असे वाटणारा माणूस मात्र हवा, आणि ते काम करत असताना त्याचे घर चालायला हवे.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ज्या ॲपवर आपण रोज रियाज करतो त्याचा कर्ता कोण, हे निदान एकदा शोधावे. त्याची पैसे देऊन मिळणारी आवृत्ती असेल तर ती घ्यावी. एकट्याला जड वाटत असेल तर भजनी मंडळाने किंवा संगीत वर्गाने मिळून एक फोन आणि एक ॲप घ्यावे. मंडई-नाटकाची वर्गणी काढणाऱ्या गावांना हे नवे नाही. चूक दिसली तर एक तारा देऊन निघून न जाता ती मराठीत, सविस्तर कळवावी. गायक-वादकांचे असे कळवणे हीच जुन्या काळची 'जरा जवारी बघा' ही सूचना आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, दंडारीचे, खडी गंमतीचे, खंजिरीचे ठेके जाणत्या वादकांकडून, त्यांना रीतसर मानधन देऊन आणि त्यांच्या नावानिशी, नीट ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. उद्या झाडीपट्टीतलाच एखादा पोरगा किंवा पोरगी संगणकावर वाद्य घडवायला बसेल, तेव्हा त्याला कच्चा माल हाताशी हवा. तुणतुणेवाल्याला लाकूड आणि कातडे गावातच मिळत होते, ते याच अर्थाने.

द्वारकानाथ घोषांचे दुकान चालले, कारण त्यांच्या पेटीला गिऱ्हाईक होते. देवलांची श्रुतिपेटी थांबली, कारण तिला केवळ चाहते होते. खिशातल्या तानपुऱ्याच्या कर्त्याला आपण यांपैकी काय व्हायचे, हे प्रत्येकाने आपापल्या फोनाकडे पाहून ठरवावे.